रॉकेट दर वेळी वाऱ्याच्या तोंडी का वळतं? नाकात माती भरण्याआधी हे तपासा

घरी बनवलेलं रॉकेट उड्डाणाच्या उभ्या सळईवरून सुटतं, दोन-तीन मीटर सरळ वर जातं आणि मग मान वळवून वारा येतो त्या दिशेला धावत सुटतं. ठरवलेल्या उंचीच्या निम्मीही गाठत नाही. पॅराशूट बाहेर पडायची वेळ येते तेव्हा ते आधीच खाली तोंड करून वेगाने येत असतं, आणि झटका बसला की आतली दोरी बॉडी ट्यूब उभी चिरत जाते. ट्यूब बदलावी, पंख नव्याने बसवावेत, तर पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

पुठ्ठा आणि बाल्साचं हलकं लाकूड घेऊन घरी रॉकेट बनवणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी भोगावं लागतं. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: पुढचं टोक जड व्हावं म्हणून नाकात माती भरतात. मीही केला. माझी तीन उड्डाणं त्यात वाया गेली, कारण माझ्या रॉकेटचा आजार वेगळा होता आणि मातीने तो वाढत होता.

एक गोष्ट आधीच सांगतो. ‘घरी बनवलेलं’ म्हणजे नळी, पंख, नाक, पॅराशूट हे घरचं. मोटर, म्हणजे इंधन भरलेली नळी, मात्र कारखान्यात बनलेली आणि प्रमाणित केलेलीच हवी. इंधन घरी कालवून मोटर भरण्याच्या नादात माणसं जायबंदी होतात, तो धोका पत्करण्यासारखा नाही. आणि निदानाच्या दृष्टीनेही बघा: मोटरचा जोर दर उड्डाणाला वेगळा असेल, तर रॉकेटमध्ये काय बिघडलंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. तेवढी एक गोष्ट तरी कायम राहिली पाहिजे.

आधी बघा: वळतं कुणाच्या मागे?

रॉकेट वाकडं गेलं की आपण पंखांकडे बघतो. त्याआधी दिशेकडे बघायला हवं. मी आता कुठलंही नवं रॉकेट वाकडं गेलं की एकच चाचणी करतो, आणि अर्धं निदान तिथेच होतं.

एका पंखावर ठळक रंगाची खूण करा. पहिल्या उड्डाणाला खूण केलेला पंख कुठल्या बाजूला होता, वारा कुठून होता आणि रॉकेट कुठे वळलं, तिन्ही वहीत लिहा. दुसऱ्या उड्डाणाला मोटर तीच, सळई तीच, स्टँड जागचा हलवायचा नाही. फक्त रॉकेट सळईभोवती अर्धा फेरा फिरवून लावा, म्हणजे खुणेचा पंख समोरच्या बाजूला जाईल.

आता रॉकेटचं वळणंही खुणेच्या पंखासोबत उलट दिशेला गेलं, तर खोट रॉकेटमध्ये आहे: तिरका पंख, तिरकी मोटर, नाहीतर वाकलेली नळी. रॉकेट दोन्ही वेळा वाऱ्याकडेच गेलं, तर खोट वेगाची आणि वजनाच्या वाटणीची आहे. आणि वारा बदलला, रॉकेट फिरवलं, तरी ते मैदानाच्या एकाच कोपऱ्याकडे जात राहिलं, तर सळई किंवा स्टँड तपासा. स्टँड फिरवल्यावर तो कोपराही फिरला की खात्रीच.

वाऱ्याची दिशा अंदाजाने लिहू नका. सळईपासून थोडं लांब, डोक्याइतक्या उंचीवर काठीला हलकी रिबीन बांधा. माझ्या पहिल्या नोंदींमध्ये वाऱ्याच्या रकान्यात ‘जवळजवळ शांत’ असं लिहिलेलं आहे. त्या दोन शब्दांमुळे मी बरेच दिवस चुकीच्या जागी शोधत राहिलो.

शक्य असेल तर मोबाइलच्या स्लो मोशनवर, सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने, सळईचा शेंडा आणि त्याच्या वरचे दोन मीटर टिपा. ९० ग्रॅमचं रॉकेट सी६ जातीच्या मोटरवर सळईला साधारण सेकंदाच्या नवव्या भागात सोडून जातं. साध्या चित्रीकरणात त्या वेळात तीन-चार चित्रं मिळतात आणि त्यांत सगळं पुसट दिसतं. २४० च्या वेगाला पंचवीसच्या वर मिळतात. सळई हलली का, लग (रॉकेटला सळईवर धरून ठेवणारी छोटी नळी) अडकला का, नाक कुठल्या क्षणी कललं, हे सगळं त्यात दिसतं.

सुटताक्षणी कोलांट्या मारत असेल तर

हा वेगळा आजार आहे आणि वाऱ्याकडे झुकण्याशी त्याची गल्लत होते. इथे रॉकेट सळई सोडताच स्वतःभोवती गरगरतं, नाक खाली, शेपटी वर, कधी दोन-तीन कोलांट्या मारून जमिनीवर येतं. हे अस्थिर रॉकेट. नाकातली माती याच आजाराचं औषध.

कारण सगळ्यांना ठाऊक असतं, तरी थोडक्यात मांडतो. रॉकेटचं सगळं वजन जिथे तोललं जातं तो गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी. हवेचा आडवा दाब जिथे एकवटतो असं धरता येतं तो दाबमध्य, म्हणजे सीपी. सीजी नाकाच्या बाजूला आणि सीपी शेपटीच्या बाजूला असला, तर रॉकेट कललं की हवा शेपटीला ढकलून त्याला पुन्हा सरळ करते. क्रम उलटला की तीच हवा त्याला आणखी कलवते. बाणाच्या मागे पिसं असतात आणि आतषबाजीच्या रॉकेटला लांब काडी असते ती याचसाठी.

मोटर नाकाशी ठेवली आणि बाकीचं धड खाली लोंबत ठेवलं, की लंबकासारखं ते आपोआप सरळ राहील, असं अजूनही काहींना वाटतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी उडवलेल्या जगातल्या पहिल्या द्रवइंधन रॉकेटची मोटर वरच होती आणि टाक्या खाली होत्या. ते अडीच सेकंद उडालं, साधारण १२.५ मीटर उंच गेलं आणि ५६ मीटरांवर पडलं. पुढच्या रॉकेटांत गोडार्ड यांनी मोटर खाली नेली. मोटरचा जोर रॉकेटच्या अक्षातूनच जातो, रॉकेट कललं की तोही कलतो. त्यामुळे लोंबणारं वजन त्याला सावरत नाही, सावरते ती शेपटीवरची हवा.

दोन मध्यांमधलं अंतर नळीच्या व्यासात मोजायची पद्धत आहे. एक व्यास म्हणजे एक कॅलिबर. सीजी हा सीपीच्या किमान एक कॅलिबर पुढे असावा, हा नेहमीचा नियम.

चुका होतात त्या मोजताना. सर्वांत मोठी चूक म्हणजे सीजी रिकाम्या रॉकेटचा मोजणं. १८ मिलिमीटर जाडीची सी६ मोटर चांगली पंचवीसेक ग्रॅम भरते, आणि ती बरोबर शेपटीत बसते. नव्वद ग्रॅमच्या रॉकेटमध्ये पंचवीस ग्रॅम शेवटच्या सात सेंटिमीटरांत! सीजी मोजायचा तो मोटर, पॅराशूट, आगीपासून वाचवणारा कागद, सगळं भरून, अगदी सळईवर लावायच्या अवस्थेत. बी मोटरवर छान उडणारं रॉकेट मोठ्या मोटरवर कोलांट्या मारतं, ते बहुधा याच कारणाने. दुसरी चूक पंखांच्या मुळाशी गोंदाचे जाडजूड थर देण्याची आणि शेपटीकडे रंगाचे हात चढवण्याची. सुकल्यावर वजनकाट्यावर ठेवून बघा, त्या थरांचं वजन जाणवण्याइतकं असतं आणि ते नको त्या टोकाला असतं. तिसरी गोष्ट दिलासा देणारी: इंधन जळत जातं तशी शेपटी हलकी होते आणि सीजी पुढे सरकतो. म्हणजे सर्वांत वाईट अवस्था सुटतानाची. तिथे निभावलं की पुढे सुधारतच जातं.

सीपी काढायचे तीन मार्ग मी वापरले आहेत. रॉकेटची सावली पुठ्ठ्यावर काढून, कापून, तो पुठ्ठा पट्टीच्या धारेवर तोलायचा, हा जुना मार्ग. त्यात मिळणारा सीपी रॉकेट पूर्ण आडवं असतानाचा असतो, म्हणून तो खऱ्यापेक्षा पुढे येतो. या हिशोबाने स्थिर ठरलेलं रॉकेट सहसा स्थिरच असतं, पण त्याच्या नादाने गरजेपेक्षा खूप मोठे पंख किंवा जास्त माती घातली जाते. दुसरा मार्ग बॅरोमन यांच्या समीकरणांचा. जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये ती छंदी रॉकेटवाल्यांसमोर मांडली आणि तेव्हापासून घरच्या वहीत सीपी काढता येऊ लागला. आज ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर तेच काम करून देतं. सांपो निस्कानेन यांच्या २००९ च्या पदव्युत्तर प्रबंधातून ते जन्मलं. मात्र त्यात टाकलेलं वजन प्रत्यक्ष काट्यावर मोजलेलं हवं. सॉफ्टवेअर तुमच्या गोंदाचा अंदाज करू शकत नाही.

तिसरा मार्ग दोरीचा. भरलेल्या रॉकेटला सीजीच्या जागी दोरी बांधा, चिकटपट्टीने पक्की करा आणि दोन-अडीच मीटर दोरी सोडून डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर रॉकेट स्थिर. सुरुवातच उलट्या तोंडाने झाली तर चांगलं रॉकेटही उलटं फिरत राहतं, तेव्हा आधी हाताने नाक पुढे करून सोडा. आखूड, जाड रॉकेट या चाचणीत कधी कधी नापास होतं आणि प्रत्यक्षात सरळ उडतं. म्हणून पास झालं तर विश्वास ठेवा, नापास झालं तर हिशोब पुन्हा तपासा.

सरळ सुटून वाऱ्याकडे झुकत असेल तर

आता मूळ तक्रार. माझ्या रॉकेटचे आकडे देतो, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही. मलाही पटलं नव्हतं.

नळी ३५ मिलिमीटर जाडीची, एकूण लांबी ६० सेंटिमीटर, उड्डाणाच्या वेळचं वजन ९० ग्रॅम. नाकापासून मोजलं तर सीजी ३८ सेंटिमीटरवर, सीपी ४३ वर. अंतर पाच सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १.४ कॅलिबर. कुठल्याही पुस्तकी नियमाने स्थिर. तरीही पहिल्या उड्डाणात ते वाऱ्याकडे झुकलं. मी ठरवलं की स्थिरता कमी पडते आहे, आणि नाकात ३० ग्रॅम माती भरली.

मातीने काय झालं? ती नाकाच्या टोकापासून पाच सेंटिमीटरवर होती. सीजी ३८ वरून जवळजवळ ३० वर आला. अंतर झालं १३ सेंटिमीटर, म्हणजे ३.८ कॅलिबर. कागदावर रॉकेट आधीपेक्षा कितीतरी ‘स्थिर’ झालं. मैदानावर ते आधीपेक्षा लवकर आणि जास्त झुकलं.

यात विरोध काही नाही. स्थिर रॉकेट आकाशाकडे तोंड करून राहत नाही. ते समोरून येणाऱ्या हवेकडे तोंड करतं. उभ्या वेगाने जाणाऱ्या रॉकेटला हवा वरून खाली येताना जाणवते. त्यात आडवा वारा मिसळला की ती तिरकी येते, आणि रॉकेट आपलं काम चोख करून त्या तिरक्या हवेकडे नाक वळवतं. स्थिरता जितकी जास्त, तितकं ते वळणं जोरदार. छपरावरचा वातकुक्कुट वाऱ्याकडे तोंड करतो तो याच नियमाने.

मग हवा किती तिरकी येते हे कशावर ठरतं? वाऱ्याच्या आणि सळई सोडतानाच्या वेगाच्या गुणोत्तरावर. सगळी गोम या दुसऱ्या वेगात आहे, आणि घरच्या रॉकेटवाल्यांपैकी फार थोडे जण तो काढून बघतात.

काढायला सोपा आहे. सी६ मोटर पेटल्यावर पहिल्या पाव सेकंदात जोर झपाट्याने चढतो, साधारण १४ न्यूटनपर्यंत जातो आणि मग पाचच्या आसपास येऊन उरलेला वेळ तिथेच राहतो. नावातला ६ हा सगळ्या जळण्याचा सरासरी जोर, न्यूटनमध्ये. सळईवरच्या वेळापुरता सरासरी ९ न्यूटन धरू. ९० ग्रॅमच्या रॉकेटचं वजन सुमारे ०.९ न्यूटन. उरलेला जोर भागिले वस्तुमान केलं की त्वरण येतं सेकंदाला सेकंदाला ९० मीटर. वेग म्हणजे दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर याचं वर्गमूळ.

आता अंतर किती? माझी सळई ९० सेंटिमीटर होती, म्हणून मी अंतर ९० धरत होतो. हीच माझी खरी चूक होती. रॉकेटला सळईवर धरून ठेवतो तो लग, सळईत ओवायची ती छोटी नळी. माझा लग शेपटीपासून २५ सेंटिमीटर वर होता. रॉकेट खालच्या, ज्वाला अडवणाऱ्या तबकडीला टेकू नये म्हणून सळईच्या बुडापासून १० सेंटिमीटर वर उभं होतं. म्हणजे लग सुरुवातीलाच ३५ सेंटिमीटर उंचीवर. त्याला सळईवर मिळाले फक्त ५५ सेंटिमीटर. बाकीची सळई काही कामाची नव्हती.

५५ सेंटिमीटरला वेग येतो सेकंदाला १० मीटर. त्या दिवशीचा वारा सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास. गालाला जेमतेम जाणवेल इतका. तरीही हवा रॉकेटवर जवळजवळ १७ अंशांनी तिरकी आली. मातीसकट १२० ग्रॅमला तोच हिशोब करा: वेग साडेआठ मीटरवर उतरतो आणि तिरकेपणा १९ अंशांच्या वर जातो. वर स्थिरतेचा हात दुपटीहून लांब झालेला. झुकणार नाही तर काय होईल?

तिरकेपणाचा आणखी एक त्रास आहे. बॅरोमन यांची समीकरणं हवा जवळजवळ समोरून येते असं धरून बसवलेली आहेत. हवा खूप तिरकी आली की नळीच्या अंगावरही दाब येऊ लागतो आणि सीपी पुढे सरकतो. पंख साध्या सपाट फळीचे असतील तर १२-१५ अंशांच्या पुढे त्यांची पकडही ढिली पडू लागते. म्हणजे लांब, सडपातळ रॉकेट कागदावर एक कॅलिबर स्थिर असूनही सुटताना क्षणभर डगमगू शकतं. अशा रॉकेटांसाठी मी कॅलिबरऐवजी एकूण लांबीच्या दहा टक्क्यांच्या आसपास अंतर ठेवतो.

तेव्हा उपाय वेग वाढवण्याचा. माझ्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय लांब सळईचा निघाला. १२० सेंटिमीटरची सळई घेतली, माती काढली. लगला मिळाले ८५ सेंटिमीटर. वेग १२ मीटरच्या वर गेला आणि त्याच वाऱ्यात तिरकेपणा १४ अंशांच्या खाली आला. वारा दीड मीटरवर पडलेला असताना हिशोबाने तो सातच्या आत येतो. अंगठ्याचा नियम म्हणून सळई सोडताना सेकंदाला १३ मीटरच्या आसपास वेग असावा, वाऱ्याच्या चौपट तरी असावा, आणि मोटरचा सुरुवातीचा जोर वजनाच्या किमान पाचपट असावा असं धरतात. चौपट वेगाला तिरकेपणा १४ अंश येतो, आणि पंखांची पकड ढिली पडते ती तिथल्याच आसपास. हे दोन आकडे जुळणं मला फार समाधान देऊन गेलं.

लांब सळई घेताना जाडीही वाढवा. ९० सेंटिमीटरला चालणारी ३ मिलिमीटरची सळई १२० सेंटिमीटरला चाबकासारखी हलते, मग रॉकेट सुटताना शेंड्याचा झोका त्याला आडवा धक्का देतो. मी ५ मिलिमीटरची घेतली आणि लगही तेवढा मोठा बसवला.

दुसरा उपाय वजन उतरवण्याचा. मोटरच्या पाकिटावर कमाल उड्डाण-वजन छापलेलं असतं. मातीनंतर माझं रॉकेट त्या आकड्याच्या वर गेलं होतं आणि मी तो वाचलाच नव्हता. तिसरा उपाय सुरुवातीला जोराने ढकलणारी मोटर. मोटरच्या नावातलं अक्षर एकूण आवेग, म्हणजे जोर गुणिले वेळ, सांगतं: बी म्हणजे ५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, सी म्हणजे १० पर्यंत, डी म्हणजे २० पर्यंत. सळईवरचं नशीब मात्र अक्षरावर ठरत नाही. ते जोरावर ठरतं, आणि त्यासाठी त्या मोटरचा जोर-वेळ आलेख बघायला हवा. मोठी मोटर म्हणजे जड शेपटी, तेव्हा सीजी पुन्हा मोजा.

लग दोन असतील, एक शेपटीशी आणि एक वर, तर अंतर मोजायचं ते वरच्या लगचं. तो सुटला की रॉकेट खालच्या एका लगभोवती कलू शकतं. आणि लगमध्ये रंगाचा थेंब सुकलेला असेल तर तो घासून काढा, सळईला पॉलिश पेपर फिरवून कोरड्या फडक्याने पुसा. जळलेल्या मोटरची काजळी सळईवर दर उड्डाणाला बसते. सलग चार उड्डाणांनंतर रॉकेट हाताने वर सरकवून बघा, फरक बोटांना कळतो.

रॉकेट फिरवल्यावर वळणंही फिरलं तर

मग पंख. बॉडी ट्यूबवर रेघ मारण्यासाठी ती ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीत आडवी ठेवा आणि पट्टीच्या कडेला पेन्सिल टेकवून ओढा, रेघ अक्षाला समांतरच येते. कोनपट्टी नसेल तर दाराच्या चौकटीचा खाचा तेच काम करतो. पंखांची जागा ठरवायला ट्यूबभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिचे तीन किंवा चार सारखे भाग करा. बसवून झाल्यावर शेपटीकडून एक डोळा मिटून नळीच्या अक्षाने बघा. प्रत्येक पंखाची फक्त धार दिसली पाहिजे. एखाद्याचं अंग दिसलं, तर तो तिरका.

बाल्साची शिर पंखाच्या पुढच्या धारेला समांतर ठेवा. शिर नळीला समांतर पडली की पंख मुळाशी वाकतो आणि कधी उड्डाणात तुटतो. वर जाताना फडफडल्यासारखा आवाज आला, तर पंख थरथरतोय. पातळ कागद दोन्ही अंगांनी चिकटवल्याने तो बराच ताठ होतो.

मोटर तिरकी असेल तर ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोटरच्या नळीत घट्ट बसेल अशी लांब सरळ काठी घाला, रॉकेट कोनपट्टीत ठेवून हळूहळू फिरवा आणि काठीच्या टोकाकडे बघा. टोक जागच्या जागी राहिलं तर ठीक. गोल काढत असेल तर मोटरचा जोर अक्षातून जात नाही, आणि पंख कितीही नेटके असले तरी रॉकेट वळत राहणार. हा दोष मोटरची नळी मधोमध धरणाऱ्या, घरी कापलेल्या पुठ्ठ्याच्या कड्यांमुळे येतो. मी आता दोन कडी एकावर एक ठेवून एकदमच कापतो.

सगळे पंख एकाच अंगाला थोडे तिरके असले तर रॉकेट स्वतःभोवती फिरत वर जातं. त्याने उंची थोडी घटते, पण ते वळत नाही. उलट लहान तिरकेपणाचे दोष फिरण्याने पुसले जातात. नाक मात्र भोवऱ्यासारखं गोल फिरायला लागलं, तर फिरण्याचा वेग आणि रॉकेटच्या डोलण्याचा वेग जुळले आहेत. पंख सरळ करून घ्या.

पॅराशूटला दोष देण्याआधी

झुकलेल्या रॉकेटचं पॅराशूट नेहमी उशिरा उघडल्यासारखं वाटतं. सी६-५ मधला ५ म्हणजे जळणं संपल्यावर पाच सेकंदांनी फुटून पॅराशूट बाहेर फेकणारा बार. सरळ गेलेलं रॉकेट तोवर माथ्यावर पोहोचून मंदावलेलं असतं. आडवं गेलेलं त्याआधीच माथा ओलांडून वेगाने खाली निघतं. मी त्या दिवसांत पॅराशूटची घडी दोनदा बदलली आणि दोरी जाड केली. जाड दोरीने ट्यूब आणखी नीट चिरली. घडीत काहीच खोट नव्हती. निदान होईपर्यंत सी६-३ वापरली असती तर ट्यूब वाचल्या असत्या.

चाचणीच्या दिवशी

ज्याच्या स्थिरतेबद्दल शंका आहे असं रॉकेट नेहमीच्या अंतरावरून उडवू नका. अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमावलीत डी किंवा त्याहून लहान मोटरसाठी किमान १५ फूट, म्हणजे साधारण साडेचार मीटर अंतर सांगितलं आहे. शंकास्पद रॉकेटला मी त्याच्या दुप्पट तरी ठेवतो, बघणाऱ्यांना आधी सांगतो आणि लहान मुलांना माझ्या मागे उभं करतो. पेटवायचं ते विजेच्या इग्नायटरनेच. बटण दाबून पेटलं नाही तर किल्ली काढून घ्या आणि पूर्ण एक मिनिट जवळ जाऊ नका. सळई उभ्यापासून ३० अंशांपेक्षा जास्त कलवायची नाही. ताशी ३२ किलोमीटरच्या वर वारा असेल तर उड्डाणच करायचं नाही. ती कमाल मर्यादा आहे. निदानासाठी मी ताशी १० किलोमीटरच्या आतला वारा शोधतो, तो बहुधा सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या तासात मिळतो.

एका उड्डाणात एकच बदल करा. माती काढली आणि सळईही लांब केली, तर कशाने सुधारलं ते सांगता येत नाही. मी आधी फक्त माती काढली. रॉकेट झुकलं, पण पहिल्या उड्डाणाइतकंच, म्हणजे मातीने भर घातली होती हे कळलं. मग सळई बदलली. त्या सकाळी रिबीन जेमतेम हलत होती. रॉकेट सळई सोडताना नाक थोडं वाऱ्याकडे गेलं, सावरलं आणि वर चढत राहिलं. पाच सेकंदांचा बार फुटला तेव्हा ते माथ्यावर जवळजवळ थांबलेलं होतं, आणि लाल पॅराशूट नाकाशेजारी शांतपणे उघडलं. ट्यूब हातात घेऊन कड तपासली. कुठे चीर नव्हती.

त्याच रॉकेटला नंतर ताशी पंधरा किलोमीटरच्या वाऱ्यात उडवलं तेव्हा ते पुन्हा झुकलं. त्या वाऱ्यासाठी त्याचा वेग अजून कमी आहे. पुढचं रॉकेट त्याच नळीचं, पण २४ मिलिमीटरच्या मोटरसाठी बांधतोय. लग शेपटीकडे सरकवला तर सळईवरचं अंतर वाढतं, पण सीजीपासून फार लांब गेल्यावर रॉकेट सळईला अडखळतं का, हे २४० चित्रांच्या चित्रीकरणात आधी बघून घेणार आहे.